पेप्टाइड चिकटलं, पण संसर्ग थांबला का?

माझ्यापुढे आलेला प्रश्न थोडक्यात असा: "जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झालं आहे. पीएचडीसाठी रोगजंतूंचा संसर्ग रोखणारी छोटी पेप्टाइडं शोधायचा विषय समोर आहे. गाइड म्हणतात फेज डिस्प्लेने सुरुवात करा. मित्र म्हणतो संगणकावर डिझाइन कर, तीन महिन्यांत पेप्टाइड हातात. सुरुवात कुठून करू? आणि अशा पेप्टाइडचं खरंच कधी औषध झालं आहे का?"

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी; अशीच लांब साखळी म्हणजे प्रथिन. फेज डिस्प्ले ही लक्ष्याला चिकटणारी पेप्टाइडं निवडायची पद्धत, तिच्याकडे पुढे येते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, झालं आहे. एचआयव्हीवरचं एन्फुव्हिरटाइड २००३ मध्ये आणि हेपॅटायटिस डीवरचं बुलेव्हिरटाइड २०२० मध्ये औषध म्हणून आलं. ही दोन्ही पेप्टाइडं विषाणूला मारत नाहीत. त्याला पेशीच्या आत शिरू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. आणि दोन्ही फेज डिस्प्लेतूनही आली नाहीत, संगणकातूनही नाहीत. ज्या प्रथिनाने विषाणू पेशीचं दार उघडतो, त्याच प्रथिनाचा एक तुकडा कापून ती मिळाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे, पण ते पटायला दोन्हींची कहाणी नीट कळायला हवी.

त्याआधी एक फरक. पेप्टाइड आणि रोगजंतू म्हटलं की बहुतेकांना जंतूंना मारणारी पेप्टाइडं आठवतात. १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांना आफ्रिकन बेडकाच्या त्वचेत मॅगेनिन सापडलं, तेव्हापासून या क्षेत्राचा मोठा बोलबाला आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने अशा पेप्टाइडांचा 'कॅम्प' नावाचा डेटाबेस बनवला आणि तो जगभर वापरला जातो. तो जरूर चाळा. पण ती पेप्टाइडं जिवाणूच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पडद्याला, भोकं पाडतात, आणि त्यांचा खरा झगडा असतो आपल्या पेशींना भोकं न पाडण्याशी. तुमचा विषय वेगळा आहे. तुम्हाला दारात अडसर घालायचा आहे. त्यासाठी दार कोणतं, कडी कुठे आणि ती किती वेळ उघडी राहते, हे माहीत असावं लागतं.

कावीळीचा विषाणू आणि जायफळातलं आम्ल

हेपॅटायटिस बीच्या विषाणूची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगते, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं शहाणपण तिच्यात आहे.

या विषाणूच्या आवरणावर एक मोठं प्रथिन असतं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला प्रीएस१ म्हणतात. या भागाच्या टोकाला विषाणू एक मेदाम्ल जोडून घेतो: मिरिस्टिक आम्ल, १४ कार्बनांची साखळी. नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून आलेलं, आणि आपल्या खोबरेल तेलातही ते भरपूर असतं. मेदाम्लाचं हे शेपूट नसेल तर विषाणू तयार होतो, पण पेशीला बाधा करू शकत नाही. हे आधीच माहीत झालं होतं. म्हणजे दार उघडायचं हत्यार हेच असावं, असा अंदाज बांधता येत होता.

अडचण दुसरीच होती. या विषाणूचा संसर्ग प्रयोगशाळेत घडवून आणणंच कठीण होतं. यकृताच्या कर्करोगातून आलेल्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या पेशींना तो बाधतच नव्हता. माणसाच्या ताज्या यकृतपेशी किंवा तुपाया नावाच्या, चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या आशियाई प्राण्याच्या यकृतपेशी, एवढेच पर्याय. २००२ मध्ये फ्रान्समधल्या फिलिप ग्रिपों यांच्या गटाने हेपाआरजी ही पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, आणली. तिला योग्य तऱ्हेने वाढवलं की तिच्यात संसर्ग होतो. हा शोध गाजला त्यापेक्षा कितीतरी जास्त मोलाचा आहे असं माझं मत आहे, कारण संसर्ग घडवता आला तेव्हाच तो रोखणाऱ्या गोष्टी तपासता आल्या. २००५ मध्ये ग्रिपों आणि हायडेलबर्गचे श्टेफान उर्बान यांनी प्रीएस१चे तुकडे बनवून, त्यांना मेदाम्लाचं शेपूट लावून या पेशींवर टाकले. ४७ अमिनो आम्लांचा तुकडा अतिशय कमी मात्रेत संसर्ग थांबवत होता. शेपूट काढलं की ताकद कोसळत होती. ९ ते १५ या क्रमांकांची सात अमिनो आम्लं बदलली तरी तेच. २००८ मध्ये, माणसाच्या यकृतपेशी रुजवलेल्या उंदरांना हे पेप्टाइड टोचून संसर्ग टळतो हेही दाखवलं गेलं.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. तोपर्यंत हे पेप्टाइड पेशीवर कशाला चिकटतं हे कोणालाच माहीत नव्हतं. दार दिसलं नव्हतं, पण अडसर बसत होता. मग बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने उलटा विचार केला. पेप्टाइड इतकं घट्ट चिकटतं, तर तेच गळ म्हणून टाकूया. त्यांनी प्रीएस१च्या पेप्टाइडात अतिनील प्रकाश पडताच शेजारच्या प्रथिनाशी कायमचा जोडला जाणारा घटक बसवला, ते तुपायाच्या यकृतपेशींवर सोडलं, प्रकाश टाकला आणि गळाला काय लागलं ते पाहिलं. लागलं एनटीसीपी. रक्तातली पित्तलवणं यकृतात ओढून घेणारं प्रथिन! २०१२ मधली ही गोष्ट. कितीतरी वर्षं सगळे ज्या रिसेप्टरच्या, म्हणजे विषाणू पेशीवर ज्याला धरतो त्या प्रथिनाच्या, मागे होते तो असा एका पेप्टाइडने पकडून दिला. आणि साध्या यकृतपेशीरेषांना संसर्ग का होत नव्हता त्याचंही कोडं सुटलं: त्यांच्यावर एनटीसीपी जवळजवळ नसतंच. ते घातलं की त्यांना बाधा होऊ लागली.

मग साहजिक शंका येते, पित्तलवणांचं दार बंद केलं तर रुग्णाचं काय होईल? विषाणू रोखायला जेवढी मात्रा लागते, त्याच्या काहीशे पट मात्रा पित्तलवणांची वाहतूक निम्म्यावर आणायला लागते. रुग्णांच्या रक्तात पित्तलवणं वाढतात, पण बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही. अशी मोकळी फट मिळणं हे या पेप्टाइडचं भाग्य. तुमच्या पेप्टाइडला ती मिळेलच असं नाही, म्हणून रिसेप्टरचं मूळचं काम काय आहे हा प्रश्न पहिल्या वर्षीच विचारा.

औषध म्हणून ते हेपॅटायटिस डीसाठी आलं. डीचा विषाणू स्वतःचं आवरण बनवत नाही, बीचं आवरण उसनं घेतो. म्हणून त्याच दाराने शिरतो आणि त्याच अडसराने अडतो. १५० रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर रोज २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांमध्ये रक्तातला विषाणू किमान शंभरपटीने ओसरला किंवा सापडेनासा झाला आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटी हे एन्झाइमही पूर्ववत झालं. ज्यांना औषध उशिरा सुरू करायचं होतं त्या गटात हे प्रमाण २ टक्के होतं. युरोपने जुलै २०२० मध्ये सशर्त मान्यता दिली. अमेरिकेच्या एफडीएने मात्र २०२२ मध्ये उत्पादन आणि औषध देण्याच्या पद्धतीवरून अर्ज परत पाठवला. औषध शरीरात काम करतं हे सिद्ध झाल्यावरसुद्धा ते कारखान्यातून, बाटलीतून आणि सुईतून जावं लागतं. त्याकडे पुन्हा वळते.

चिमट्यात अडकवलेली काडी

एचआयव्हीची कहाणी याहून जुनी. विषाणूचं जीपी४१ हे प्रथिन आत शिरताना चिमट्यासारखं काम करतं. त्याचं एक टोक विषाणूच्या आवरणात रुतलेलं असतं, दुसरं पेशीच्या पटलात घुसतं. मग चिमटा मिटतो, दोन्ही पटलं एकमेकांवर दाबली जातात आणि एक होतात. चिमट्याच्या दोन पात्यांना एचआर१ आणि एचआर२ म्हणतात. १९९४ मध्ये ड्यूक विद्यापीठात कार्ल वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी एचआर२मधून घेतलेल्या ३६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडने संसर्ग अगदी कमी मात्रेत थांबतो असं दाखवलं. चिमटा मिटण्याआधी ते पेप्टाइड एचआर१च्या खोबणीत जाऊन बसतं. मग खऱ्या एचआर२ला बसायला जागाच उरत नाही.

मिटलेल्या चिमट्याची रचना स्फटिकातून दिसली ती १९९७ मध्ये, म्हणजे पेप्टाइड सापडल्यावर तीन वर्षांनी. 'आधी रचना, मग औषध' असा क्रम पाठ्यपुस्तकात वाचला असेल. इथे क्रम उलटा होता, कारण ड्यूकच्या लोकांकडे संसर्गाची भरवशाची चाचणी होती. १९९८ मध्ये १६ रुग्णांवरची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठी मात्रा, म्हणजे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, घेतलेल्या चारही जणांच्या रक्तातला विषाणू १४ दिवसांत मिलिलिटरमागे ५०० प्रतींच्या खाली आला. पेप्टाइड आत शिरणारा विषाणू माणसातही अडवू शकतं, याचा तो पहिला ठोस पुरावा होता. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता त्याची दुसरी बाजू. ९० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, त्वचेखाली, रोज. सुई टोचली तिथे जवळजवळ प्रत्येक रुग्णाला गाठ, लाली किंवा दुखणं. ३६ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड रसायनाने बनवायला १०६ टप्पे लागायचे. तीन तुकडे वेगवेगळे बांधायचे आणि मग द्रावणात जोडायचे. अमेरिकेत वर्षाचा खर्च २० हजार डॉलरच्या आसपास. शिवाय विषाणूही शिकला: एचआर१मधली ३६ ते ४५ क्रमांकांच्या पट्ट्यातली एक-दोन अमिनो आम्लं बदलून तो निसटायचा. पुढे तोंडाने घ्यायची चांगली औषधं आली आणि हे पेप्टाइड मागे पडलं. चीनमध्ये २०१८ साली आलेलं अल्बुव्हिरटाइड रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा देता येतं. रोज दोन सुया टोचून घेणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, म्हणजे पेप्टाइडचं आयुष्य वाढवायच्या कामाला मी इतकं महत्त्व का देते ते कळेल.

फेज डिस्प्ले: सुपात काय उरतं

तुमच्या गाइडचा सल्ला चुकीचा नाही. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली, २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फेज म्हणजे जिवाणूला बाधणारा विषाणू. एम१३ या फेजच्या टोकावर एक पेप्टाइड लावायचं, आणि त्या पेप्टाइडचं जनुक त्याच फेजच्या पोटात. अशा अब्जभर वेगवेगळ्या फेजची लायब्ररी लक्ष्यावर, म्हणजे ज्याला चिकटायला हवं त्या प्रथिनावर, ओतायची, न चिकटलेले धुऊन टाकायचे, चिकटलेले वाढवायचे, पुन्हा ओतायचे. सुपात धान्य पाखडावं तसं तीन-चार वेळा पाखडायचं.

पण आकडे पाहा. ७ अमिनो आम्लांची शक्य पेप्टाइडं १२८ कोटी, म्हणजे अब्जभर फेजची लायब्ररी त्यांच्या बरीच जवळ पोचते. १२ अमिनो आम्लांची मात्र ४,०९६ आणि त्यापुढे १२ शून्यं. तेवढ्याच लायब्ररीत दर ४१ लाख पेप्टाइडांमागे जेमतेम एक असतं. तुम्हाला मिळतं ते जगातलं सर्वोत्तम पेप्टाइड नसतं, त्या सुपात होतं त्यातलं बरं असतं. तोक्योच्या हिरोआकी सुगा यांच्या पद्धतीत लायब्ररी हजारपटीने मोठी होते आणि पेप्टाइडं वर्तुळाकार करता येतात. कुठे सोय असेल तर ती शिका.

आणि पाखडताना सुपात भलतंच उरतं. माझ्या संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी एका विषाणूच्या प्रथिनावर चार फेऱ्या केल्या. शेवटी एकसारखी पेप्टाइडं येऊ लागली, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांनी भरलेली. एलायझाचा, म्हणजे चिकटणं रंगाने दाखवणाऱ्या चाचणीचा, रंग असा गडद की सगळी प्रयोगशाळा बघायला आली. ती पेप्टाइडं बनवून घेतली, संसर्गाच्या चाचणीत घातली. काहीही नाही. सात महिन्यांनी समजलं, ती विषाणूच्या प्रथिनाला चिकटतच नव्हती. ज्या प्लास्टिकच्या प्लेटवर प्रथिन बसवलं होतं त्या प्लास्टिकला चिकटत होती. रिकाम्या प्लेटवर आधी एकदा पाखडून घेतलं असतं तर एका दिवसात कळलं असतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: लक्ष्य नसलेल्या प्लेटचा कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, नसेल तर एलायझाचा फोटो मीटिंगमध्ये दाखवायचा नाही.

दुसरा सापळा याहून फसवा आहे. बाजारात मिळणाऱ्या सात अमिनो आम्लांच्या एका लायब्ररीतून एच-ए-आय-वाय-पी-आर-एच (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल) हा क्रम कितीतरी प्रयोगशाळांना, कितीतरी वेगवेगळ्या लक्ष्यांवर मिळाला आणि त्यावर शोधनिबंधही आले. २००८ मध्ये कारण उलगडलं. त्या फेजच्या एका जनुकाच्या आधीच्या जागेत बदल झालेला होता, त्यामुळे तो इतरांपेक्षा भराभर वाढत होता. कशाला चिकटण्याशी त्याचा संबंधच नव्हता. शर्यतीत तो जिंकत होता, एवढंच. म्हणून मिळालेला प्रत्येक क्रम आधी सॅरोटपसारख्या, असे फसवे क्रम ओळखणाऱ्या संगणकी साधनात टाकून पाहा, आणि लायब्ररी लक्ष्याशिवाय नुसती वाढवली तर तोच क्रम वर येतो का ते तपासा.

फेज डिस्प्लेने संसर्ग थांबवल्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण हिवतापाचं आहे. २००१ मध्ये अनिल घोष, मार्सेलो जेकब्स-लोरेना आणि सहकाऱ्यांनी फेजची लायब्ररी प्लेटवर न ओतता डासातच सोडली आणि लाळग्रंथी व जठराला चिकटलेले फेज परत मिळवले. त्यातून एसएम१ हे १२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड मिळालं. हिवतापाचा परोपजीवी डासाच्या याच दोन अवयवांतून पार जातो. पेप्टाइडने त्या जागा अडवल्या की त्याची वाट बंद. पुढच्याच वर्षी हे पेप्टाइड स्वतःच बनवणारे डास तयार झाले, अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी जातीचे. मुंबई-गोव्यात पाण्याच्या टाक्यांत वाढून शहरी हिवताप पसरवणारा हाच डास. त्या डासांच्या जठरात परोपजीवीच्या गाठी सरासरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या.

हे वाचून मी फार आशेने पुढच्या निबंधांची वाट पाहत होते. २०१४ मध्ये कळलं की एसएम१ जठरात ज्या जागेला अडवतं ती उंदराच्या हिवतापाचा परोपजीवी वापरतो. माणसाला जिवावर बेतणारा फाल्सिपेरम तिच्यावाचूनही जठर ओलांडतो, आणि एसएम१ त्याला तिथे अडवत नाही. आधीचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही. पण तुमचं पेप्टाइड ज्या जंतूसाठी आहे त्या जंतूवरच त्याची परीक्षा व्हायला हवी, जवळच्या नातेवाइकावर होऊन भागत नाही.

रक्तातून आणि वीर्यातून

आणखी एक वाट आहे जिचा विचार फार कमी जण करतात: शरीरातच शोधायचं. जर्मनीत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तगाळणीतून उरलेल्या हजारो लिटर द्रवातली पेप्टाइडं वेगळी करून एचआयव्हीविरुद्ध तपासली गेली. २००७ मध्ये त्यातून व्हिरिप हे २० अमिनो आम्लांचं पेप्टाइड मिळालं. आपल्याच रक्तातल्या अल्फा-१-अँटिट्रिप्सिनचा हा तुकडा. तो जीपी४१चं पेशीत घुसणारं टोकच धरून ठेवतो. त्याचं सुधारलेलं रूप रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा विषाणू खरोखर घटला, पण मात्रा दिवसाला ५ ग्रॅम लागली. एवढं पेप्टाइड रोज कोणाला देता येणार?

त्याच वर्षी त्याच गटाने माणसाच्या वीर्यातली पेप्टाइडं तपासली, रोखणारं काही मिळेल या विचाराने. मिळालं ते बरोब्बर उलटं. एक पेप्टाइड आपोआप तंतू बनवतं, ते तंतू विषाणूला पेशीवर नेऊन चिकटवतात आणि काही परिस्थितींत संसर्ग हजारो पटींनी वाढतो. म्हणून म्हणते, चाचणी अशी लावा की संसर्ग वाढला तरी तो दिसेल. शंभर टक्के संसर्गापासूनच मोजायला सुरुवात केलीत तर वाढ दिसायला जागाच राहत नाही. आणि पेप्टाइड गुठळ्या करतं का, हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या.

संगणकाबद्दल

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गेल्या काही वर्षांत प्रथिनांच्या रचनेचा अंदाज आणि चिकटणाऱ्या प्रथिनांचं डिझाइन इतकं पुढे गेलं आहे की ते न शिकणं वेडेपणाचं ठरेल. सिअ‍ॅटलच्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने २०२० मध्ये करोनाच्या स्पाइकला, म्हणजे त्याच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनाला, घट्ट धरणारी साठेक अमिनो आम्लांची प्रथिनं शून्यातून रचली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत चॅटर्जी, राघवन वरदराजन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दोन हेलिक्सांचं (मळसूत्री वळणांचं) आखूड पेप्टाइड रचलं, आणि ते स्पाइकला धरून विषाणूंनाच जोडीजोडीने बांधतं असं दाखवलं. हॅम्स्टरमध्येही ते उपयोगी पडलं. हा निबंध तुम्ही नक्की वाचा: रचना, चिकटणं, विषाणू, प्राणी अशी पायरीपायरीची तपासणी त्यात आहे. पण तीन महिन्यांत संगणकातून उतरते ती उमेदवारांची यादी. त्यातलं कोणतं काम करतं हे पेशींना विचारावं लागतं.

टेबलावरच्या गोष्टी

आता जे पुस्तकात सहसा नसतं ते.

पेप्टाइड बनवून घेताना एकेक अमिनो आम्ल जोडलं जातं. ३६ लांबीच्या पेप्टाइडला ३५ जोडण्या. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर शेवटी ७० टक्के पूर्ण साखळ्या उरतात, ९७ टक्के झाली तर फक्त ३४. म्हणून शुद्धतेचा कागद आणि मास स्पेक्ट्रम (रेणूचं वजन दाखवणारा आलेख) दोन्ही मागा. बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यात पाणी आणि क्षार असतात, खरं पेप्टाइड बरेचदा ६० ते ८० टक्केच भरतं. मात्रेचा हिशेब चुकतो तो इथेच. शुद्ध करताना वापरलेलं टीएफए हे आम्ल पेप्टाइडला चिकटून येतं आणि जास्त मात्रेत पेशींना मानवत नाही. अ‍ॅसिटेट क्षार मागवला तर थोडे पैसे जास्त जातात, पण मनस्ताप वाचतो.

कंट्रोल म्हणून तीच अमिनो आम्लं क्रम उलटसुलट करून बनवलेलं पेप्टाइड हवंच. धनभार जास्त असलेली पेप्टाइडं पेशीवरच्या हेपारान सल्फेट या ऋणभारित साखरेच्या साखळ्यांना चिकटून जवळपास सगळेच विषाणू थोडेफार अडवतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की औषध सापडलं. यावर साधा उपाय आहे. एकाच गाभ्याचे दोन छद्मविषाणू (दुसऱ्या विषाणूचं प्रथिन अंगावर घातलेले, निरुपद्रवी केलेले विषाणू) बनवा, एकाच्या अंगावर तुमच्या विषाणूचं प्रथिन, दुसऱ्याच्या अंगावर व्हीएसव्ही या वेगळ्याच विषाणूचं. आत काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचं जनुक ठेवलं की पेशी किती उजळल्या त्यावरून संसर्ग मोजता येतो. तुमचं पेप्टाइड दोन्ही अडवत असेल तर ते तुमचं दार अडवत नाही, भलतंच काहीतरी करतं आहे. पेशी जिवंत आहेत ना हे त्याच दिवशी, त्याच प्लेटच्या जोडप्लेटवर बघा. मेलेल्या पेशींनाही संसर्ग होत नाही.

मग वेळ बदलून पाहा. पेप्टाइड आधी विषाणूबरोबर ठेवून, आधी पेशींबरोबर ठेवून, आणि संसर्गानंतर एक, दोन, चार तासांनी घालून. शिरकाव रोखणारं पेप्टाइड उशिरा घातलं की निरुपयोगी व्हायला हवं. होत नसेल तर ते काही वेगळं करतं आहे. तेही कदाचित मोलाचं असेल, पण मग निबंधाचं शीर्षक बदलावं लागेल.

आणि सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव. सीरम नसलेल्या माध्यमात सुंदर चालणारं पेप्टाइड सीरममध्ये काही मिनिटांत कापलं जाऊ शकतं. हे शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका. उपाय आहेत: मेदाम्ल किंवा कोलेस्टेरॉल जोडणं, वर्तुळ करणं, हेलिक्सला रासायनिक टाका घालणं. मला सर्वांत सुंदर वाटतो तो आरशाचा मार्ग. अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असणारी दोन रूपं असतात. आपली प्रथिनं कापणारी एन्झाइमं डाव्या रूपाच्या अमिनो आम्लांची साखळी ओळखतात, उजव्या रूपाची जवळपास ओळखतच नाहीत. फेजवर उजव्या रूपाचं पेप्टाइड बनवता येत नाही, म्हणून लक्ष्यच उजव्या रूपात रसायनाने बनवायचं, त्यावर नेहमीची लायब्ररी पाखडायची, आणि मिळालेल्या पेप्टाइडचं आरशातलं रूप बनवायचं. ते खऱ्या लक्ष्याला चिकटतं आणि सीरममध्ये टिकून राहतं. १९९९ मध्ये पीटर किम यांच्या गटाने जीपी४१वर हे करून दाखवलं. लक्ष्य लहान असेल तरच परवडतं, हे मात्र खरं.

सुई टाळायची असेल तर जंतू ज्या वाटेने येतो तिथेच पेप्टाइड ठेवायचं. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि रॉटरडॅमच्या गटाने करोनाच्या एचआर२चं कोलेस्टेरॉल लावलेलं पेप्टाइड फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात दिलं आणि त्यांना बाधित फेरेटबरोबर २४ तास एकाच पिंजऱ्यात ठेवलं. पेप्टाइड दिलेल्या एकालाही संसर्ग झाला नाही. औषध न दिलेल्या सगळ्यांना झाला. एन्फुव्हिरटाइडचीच युक्ती, सत्तावीस वर्षांनी, वेगळ्या विषाणूवर.

तुमचं पहिलं वर्ष

जंतू निवडताना त्याच्या प्रसिद्धीकडे पाहू नका. तुमच्या संस्थेत किंवा हाकेच्या अंतरावर ज्याच्या संसर्गाची चाचणी आज चालू आहे असा जंतू घ्या. छद्मविषाणू चालत असेल तर नेहमीच्या विषाणू प्रयोगशाळेत काम होतं. जिवंत घातक विषाणू लागला तर वरच्या सुरक्षापातळीची जागा लागते, आणि तिथल्या रांगेत वर्ष निघून जातं.

पहिले चार महिने एकही पेप्टाइड मागवू नका. चाचणी बसवा. ज्याचं काम सिद्ध झालेलं आहे असं एखादं पेप्टाइड किंवा प्रतिपिंड घेऊन तीन वेगवेगळ्या दिवशी तोच आकडा येतो का ते पाहा. त्यानंतर त्या जंतूच्या शिरकाव करणाऱ्या प्रथिनाचा क्रम घ्या आणि एकमेकांवर सरकत जाणारे तुकडे पाडा, २० लांबीचे, प्रत्येक वेळी ५ पुढे सरकून. ६०० अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे ११७ तुकडे होतात. कच्च्या शुद्धतेत ते बनवून घ्या आणि थेट संसर्गाच्या चाचणीत टाका, चिकटण्याच्या नाही. मेदाम्लासारखं काही विषाणू स्वतः जोडत असेल तर तेही जोडून घ्या. फेज डिस्प्ले आणि संगणक त्याच्या जोडीला चालू देत. त्यांनी दिलेले उमेदवारही त्याच प्लेटवर, त्याच कंट्रोलशेजारी बसवा.

आणि गाइडना भेटाल तेव्हा त्यांना एक विचारा: ९६ खाचांची संसर्गाची प्लेट आठवड्यात किती वेळा लावता येईल? दोनदा येत असेल तर विषय घ्या. महिन्यातून एकदा असेल तर जंतू बदलून मागा.